वाचक विचारतात : उपासनेतला कॅमेरा आणि उतारवयातील प्रश्न

या महिन्याच्या टपालात सोलापूर शहरातून आलेली काही पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. छायाचित्रणाचा छंद, चर्चच्या मंडळीतील वयस्कर माणसे आणि त्यांच्याशी आपले वागणे या गोष्टी त्यांत एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की त्या वेगवेगळ्या अंकांत वाटून देणे मला उचित वाटले नाही. पत्रे मोठी असल्याने त्यांचा गाभा तेवढा येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली. आमच्या मंडळीतील बाप्तिस्मे, लग्ने, नाताळची नाटके, हंगामाचा सण या सगळ्यांचे फोटो मीच काढत आलो. गेल्या वर्षी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. हाताला थोडा कंप आहे, त्यामुळे बरेच फोटो हललेले येतात. आता तरुण संघाची मुले उपासनेचे थेट प्रक्षेपण करतात आणि त्यांच्या मोबाइलवरचे फोटो दुपारच्या आत सर्वांकडे पोहोचतात. मला कोणी थांबा म्हटलेले नाही, परंतु आता कोणी बोलावतही नाही. कॅमेरा नातवाला देऊन मोकळे व्हावे का?
— एक ज्येष्ठ वाचक, रेल्वे लाइन्स

उत्तर : कॅमेरा देऊ नका, निदान या कारणासाठी तरी देऊ नका. आपल्या पत्रात दोन दुःखे आहेत, एक हाताचे आणि दुसरे कोणी न बोलावण्याचे. त्यांचे उपाय निराळे असल्यामुळे आधी हाताचे पाहू.

कंप नव्याने सुरू झाला असेल किंवा वाढत असेल, तर तो प्रथम डॉक्टरांना दाखवावा. वय झाले की हात थरथरायचाच, असे समजून आपल्याकडे लोक तो अंगावर काढतात. प्रत्यक्षात थायरॉइडच्या तक्रारीमुळे किंवा दम्याच्या काही औषधांमुळेही हात कापतो, आणि कारण सापडले तर कंप कमी होण्याची शक्यता असते. काम करताना कापणारा हात आणि मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना कापणारा हात यांची कारणे बहुधा वेगळी असतात, म्हणून कंप नेमका केव्हा येतो याकडे लक्ष देऊन डॉक्टरांना तसे सांगावे.

डोळ्याच्या बाबतीत एक साधी गोष्ट राहून जाते. कॅमेऱ्याच्या ज्या खिडकीला आपण डोळा लावतो, तिच्या शेजारी अधिक-उण्याच्या खुणा असलेले एक बारीक चाक असते. ऑपरेशननंतर नंबर बदलतो, पण ते चाक जुन्याच नंबरावर राहते, आणि मग फोकस अचूक असूनही आतले चित्र धूसर दिसते. खिडकीतील अक्षरे आणि आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते चाक फिरवून घ्या. शिवाय वयानुसार पिवळसर झालेले नेत्रभिंग काढून टाकल्यामुळे आता आपल्याला निळा रंग पूर्वीपेक्षा ठळक दिसत असेल. तेव्हा संगणकावर रंग दुरुस्त करताना काही महिने घरातील एखाद्या तरुण माणसाच्या डोळ्यांचीही मदत घ्यावी.

आता हललेल्या फोटोंकडे वळू. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स लांबवून वापरली की तिचे छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). ५० मिमीची एफ १.८ची साधी लेन्स तिच्यापेक्षा नऊ-दहा पट प्रकाश आत घेते, वजनाला दोनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि मोठ्या झूमच्या मानाने स्वस्तही पडते. हाताला कंप असलेल्या माणसाने खर्च करायचाच असेल, तर नव्या कॅमेऱ्याऐवजी या लेन्सवर करावा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवायला संकोच करू नका, कारण थोडा दाणेदार फोटो लोक आनंदाने भिंतीवर लावतात, हललेला लावत नाहीत. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवावा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात, आणि एकशंभरांश हा वेग त्या चढउताराशी जुळतो, म्हणून फोटोवर आडवे काळसर पट्टे उमटत नाहीत. आवाज नको म्हणून कॅमेऱ्यातील निःशब्द शटर वापरल्यास हे पट्टे अधिक येतात, हेही ध्यानात असू द्यावे. खांबाला पाठ टेकवा, समोरच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही कोपरे रोवा, श्वास अर्धा सोडून थांबा आणि एका दमात तीन-चार फोटो घ्या. बटण दाबताना आणि सोडताना कॅमेरा हलतो, त्यामुळे मधला फोटो बहुधा स्थिर निघतो.

एवढे केल्यावर फोटो सुधारतील. तरीही बोलावणे येईलच असे नाही, आणि माझ्या मते आपण त्याची वाट पाहू नये. तरुण मुलांचा यात दोष नाही. त्यांच्या थेट प्रक्षेपणामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही रविवारचा उपदेश ऐकायला मिळतो, ही मोठी सेवा आहे. मात्र स्टँडवरच्या त्या कॅमेऱ्याला व्यासपीठ आणि गायकवृंद तेवढा दिसतो. शेवटच्या बाकांवर कोण बसले आहे, कोण दोन महिन्यांत आलेले नाही, कोणाच्या शेजारची जागा आता रिकामी असते, हे त्याला ठाऊक नसते. आपल्याला ते ठाऊक आहे. इतकी वर्षे ज्या माणसांचे बाप्तिस्मे आणि लग्ने आपण टिपली, त्यांचे चेहरे आणि नावे आपल्या डोक्यात जुळलेली आहेत, आणि मंडळीत हे भांडवल दुसऱ्या कोणाकडेही नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, पाळकसाहेबांकडून मंडळीतील पंचाहत्तरी ओलांडलेल्यांची यादी घ्यावी आणि त्यांच्या घरी जाऊन प्रत्येकाचे एक व्यक्तिचित्र काढावे. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. चहा घ्या, जुन्या गोष्टी निघू द्या, आणि कोणत्या दिवशी यायचे ते त्यांनाच ठरवू द्या. सोलापूरच्या उन्हात दुपारी कोणाला तयार होऊन बसायला लावू नये. सकाळी आठ-साडेआठची वेळ ठीक. दाराशी एक खुर्ची अशी ठेवा की बाहेरचे ऊन अंगावर पडणार नाही, पण उजेड तिरका चेहऱ्यावर येईल. दिवे मालवा, मागची भिंत अंधारात जाऊ द्या. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या एखाद्या काकांचे हात फोटोत अवश्य घ्यावेत, कारण बोटांच्या पेरांत त्यांचे सारे आयुष्य आलेले असते आणि पासपोर्टच्या फोटोत ते कधीच येत नाही. आजींनी पांढरी साडी नेसली असेल, तर कॅमेरा त्या पांढऱ्याला भुलून सगळे चित्र करडे करतो, तेव्हा प्रकाशाची पातळी दोन-तृतीयांश ते एक स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावी आणि चेहऱ्यावर मोजमाप करावे. सुरकुत्या पुसून टाकणारी कोणतीही सोय वापरू नये, हे मी आग्रहाने सांगतो. जी गोष्ट पाहायला आपण एवढे दार गाठले, ती पुसायची कशाला?

आणि फोटो कागदावर छापून, आठ बाय दहा इंचाचा, स्वतः नेऊन हातात द्यावा. मोबाइलवर पाठवलेला फोटो मुलाच्या फोनमध्ये राहतो आणि ज्यांचा तो आहे त्यांना पुन्हा पाहायला मिळत नाही. फोटो देण्याच्या निमित्ताने तुमची दुसरी भेट होते, आणि ज्या घरी महिनोन्महिने कोणी फिरकत नाही, तिथे तिचे मोल फोटोपेक्षा जास्त असते. तरुण संघातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला सामान धरायला बरोबर न्या. उजेड कसा पाहावा हे ती तुमच्याकडून शिकतील, आणि मंडळीतील म्हातारी माणसे त्यांना नावाने ओळखू लागतील.

प्रश्न : प्रभुभोजनाच्या वेळी आणि बाप्तिस्म्याच्या वेळी चार-पाच जण मोबाइल उंचावून पुढे उभे राहतात. मागे बसलेल्या आम्हा वयस्कर स्त्रियांना काही दिसत नाही, आणि फ्लॅशने डोळे दिपतात. बोलावे तर नातेवाइकांची मने दुखावतात.
— महिला मंडळाच्या एक सभासद

उत्तर : हे तुम्ही एकट्याने बोलू नये. पंचमंडळींनी ठराव करावा आणि पाळकसाहेबांनी तो उपासनेच्या आरंभी, कोणाकडे न पाहता, सर्वांसाठी म्हणून सांगावा. प्रभुभोजनाच्या वेळी एकही कॅमेरा नको, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो प्रत्येकाच्या आणि देवाच्या मधला क्षण आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी एका बाजूची एक जागा नेमून द्यावी, तिथे एकाच माणसाने उभे राहावे आणि त्याचे फोटो सर्व नातेवाइकांना मिळावेत.

फ्लॅशचे म्हणाल तर मोबाइलचा दिवा दोन-तीन मीटरच्या पलीकडे फारसा पोहोचत नाही. मागच्या बाकावरून तो लावला तर समोरच्यांच्या डोक्यांची मागची बाजू तेवढी उजळते आणि बाळ होते तसेच अंधारात राहते. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांना तो झोत विशेष टोचतो, कारण धूसर झालेल्या नेत्रभिंगात प्रकाश विखुरतो. एवढे कारण समजावून सांगितले की लोक ऐकतात, असा माझा विश्वास आहे.

प्रश्न : आईच्या पश्चात तिची फोटोंची ट्रंक माझ्याकडे आली. त्यात छोटे चौकोनी कृष्णधवल फोटो आहेत, चिकट पानांच्या अल्बममधले रंगीत फोटो आहेत आणि मिशनच्या काळातील दोन-तीन मोठे समूहफोटो आहेत, ज्यांतील माणसे मला ओळखता येत नाहीत. आजोबांच्या शवपेटीभोवती सगळे कुटुंब उभे असलेला एक फोटोही आहे. तो ठेवावा की नष्ट करावा? बाकीच्यांचे काय करावे?
— एक शिक्षिका, मोदी परिसर

उत्तर : घाई कोणत्या फोटोंची आहे हे आधी सांगतो, कारण येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. जुने म्हणून लोक कृष्णधवल फोटो आधी हाती घेतात. पण त्या फोटोंतील प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि नीट धुतलेला फोटो शंभर वर्षेही टिकतो. रंगीत फोटो रंगद्रव्यांचे असतात, ती विरत जातात, आणि त्या काळच्या कित्येक फोटोंतील निळसर-हिरवा थर आधी उडाल्यामुळे सगळे चित्र लालसर पडते. तेव्हा तुमच्या भावंडांच्या बारशांचे आणि लग्नांचे रंगीत फोटो आधी स्कॅन करून घ्यावेत.

चिकट पानांवरून फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोच्या एका कोपऱ्याखालून सरकवत, करवतीसारखा हळूहळू पुढे न्यावा. जो फोटो तरीही सुटत नाही, त्याचे पानासकट चित्र घ्यावे. स्कॅनर असेल तर पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरेसे आहे. छोट्या चौकोनी फोटोंना १२०० घ्या. हे चौकोनी फोटो बहुधा १२० नंबरच्या फिल्मवरचे असतील. आपल्याकडे तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात तिच्या एका रोलवर सहा सेंटिमीटरचे बारा चौरस फोटो निघत, आणि बारांतला एकही वाया जाऊ नये म्हणून घरातील माणसे श्वास रोखून उभी राहत. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवून वरून मोबाइलने टिपावा. मोबाइल फोटोला अगदी समांतर असावा आणि फ्लॅश बंद असावा.

ट्रंक माळ्यावर असेल तर आजच खाली उतरवा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर उष्णता त्याहून जास्त असते, आणि रंग विरण्याची रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेते. आतल्या भिंतीजवळच्या कपाटातील खालचा कप्पा, कागदी पाकिटे आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी, एवढी व्यवस्था घरगुती संग्रहाला पुरते. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, कारण शाई पुढच्या बाजूला उमटते. मऊ शिसपेन्सिल वापरा.

समूहफोटोंतील माणसे ओळखण्याचे काम मात्र कपाटात होणार नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले, १८३१ मध्ये नगरला आणि पुढे त्याच शतकात सोलापूरला पोहोचले, त्यामुळे येथील ख्रिस्ती घरांतल्या ट्रंकांत शहराचाच इतिहास पडून असतो. फोटोतील फलकावर उत्तर भारत मंडळीचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) नाव असेल, तर तो २९ नोव्हेंबर १९७० नंतरचा समजावा, कारण त्या दिवशी नागपुरात निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन हे नाव आले. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, तोही पाहावा. परंतु खरा आधार माणसांचा आहे. समूहफोटोची मोठी प्रत काढून ती मंडळीतील सर्वांत वयस्कर दोघा-तिघांकडे घेऊन जा, डावीकडून उजवीकडे ओळीने नावे विचारा आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. एक नाव आठवले की त्यामागोमाग दुसरे येते, वसतिगृहाची खोली येते, दुष्काळाचे वर्ष येते. हे काम पुढच्या नाताळवर ढकलू नका. ज्यांना ही नावे माहीत आहेत, त्यांच्या वयाचा विचार करा.

शवपेटीचा फोटो नष्ट करू नये. आपल्या समाजात असा फोटो काढण्याची रीत होती, अजूनही आहे, आणि त्यात अभद्र काही नाही. दूरगावच्या भावाला अंत्यविधीला पोहोचता आले नाही तर त्याच्यासाठी तोच निरोप असे. कित्येक कुटुंबांत सगळी भावंडे एकत्र असलेला तेवढाच फोटो असतो. तो वेगळ्या पाकिटात ठेवा, मागे तारीख आणि नावे लिहा, आणि ज्याला पाहावासा वाटेल त्याला दाखवा. मोबाइलच्या स्टेटसवर मात्र तो ठेवू नका.

प्रश्न : आमचा तरुण संघ दर डिसेंबरमध्ये गरजू वृद्धांना चादरी वाटतो. देणगीदार फोटोंची अपेक्षा ठेवतात. यंदा एका आजींनी चादर घेतली, पण पदराने तोंड झाकले. तेव्हापासून आम्हा मुलांमध्ये यावरून मतभेद आहेत.
— तरुण संघाचे चिटणीस

उत्तर : आजींनी तुम्हाला उत्तर दिलेले आहे, आणि ते तुमच्या मनाला लागले याचा मला आनंद वाटतो. चादरीला लागलेले सहा हात, कॅमेऱ्याकडे पाहणारे सहा चेहरे आणि मधोमध मान खाली घातलेले एक म्हातारे माणूस, असे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. दान या हाताचे त्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण आपण मुलांना पाठ करायला लावतो. मग ते साऱ्या गावाला कळावे म्हणून देणाऱ्यांनी रांगेत उभे राहणे कसे शोभेल?

देणगीदाराची अपेक्षा वावगी नाही. आपला पैसा योग्य जागी गेला याची खात्री त्याला हवी असते, आणि ती देण्याचे अधिक चांगले मार्ग आहेत. चादरींच्या खरेदीचे बिल द्या. घेणाऱ्यांची सही किंवा अंगठा असलेली यादी पंचमंडळींच्या दप्तरात ठेवा आणि ती तपासल्याचे पत्र पाळकसाहेबांच्या सहीने पाठवा. फोटो हवेतच तर चादरींच्या गठ्ठ्यांचे काढा, घड्या घालणाऱ्या तुमच्या मित्रांचे काढा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ज्या यंत्रमागावर त्या विणल्या गेल्या तिथे जाऊन, मालकाची आणि कामगारांची परवानगी घेऊन, मागावर उतरत असलेल्या नक्षीचे फोटो काढलेत, तर देणगीदाराला तो फोटो जपून ठेवावासा वाटेल. असे स्पष्ट पत्र लिहूनही कोणी माणसांच्या चेहऱ्यांवरच अडून बसला, तर त्याची देणगी नम्रपणे परत करावी, इतके माझे मत ठाम आहे.

चादर रात्री, घरी नेऊन, दोघांनीच द्यावी. आणि त्या आजींकडे पुन्हा एकदा जावे, कॅमेरा न घेता. त्यांनी विषय काढला नाही तर तुम्हीही काढू नये. ख्यालीखुशाली विचारावी आणि थोडा वेळ बसावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या असून त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आहे. रविवारी आम्ही त्यांना चर्चला नेतो, पण प्रत्येक जण ‘मला ओळखलंत का?’ असे विचारतो आणि त्या बावरतात. नणंदबाई त्यांच्या बोलण्याचे व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. स्वतःचे आताचे फोटो पाहून सासूबाई ‘ही कोण?’ म्हणतात. त्यांचे फोटो काढणे थांबवावे का?
— एक सून, विजापूर रोड

उत्तर : फोटो थांबवू नका, व्हिडिओ थांबवा. त्यांना आपला फोटो कळत नसला तरी तो काढणारी व्यक्ती प्रेमाने जवळ बसली आहे, हे त्यांना कळते. व्हिडिओ ग्रुपवर टाकणे मात्र त्यांच्या असहायतेचे प्रदर्शन आहे. त्या धडधाकट असत्या तर त्यांनी त्याला संमती दिली असती का, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा. नणंदबाईंना हे तुम्ही सांगू नका, तुमच्या यजमानांनी बहिणीला सांगावे. मुलीच्या मनात आई हातची निसटण्याचे भय असते, आणि त्या भयापोटीच ती सारखे टिपत राहते, हे समजून घेऊन त्यांनी बोलावे.

या आजारात बहुधा अलीकडचे आधी पुसले जाते आणि बालपण, तारुण्य पुष्कळ काळ तग धरते. म्हणूनच आरशातल्या आणि फोटोतल्या म्हाताऱ्या बाईशी त्यांची ओळख पटत नाही. त्यांना त्यांच्या मुलीपणाचे, लग्नाआधीचे फोटो दाखवा. एका वेळी एकच फोटो, त्यात एक-दोनच चेहरे, मोठ्या आकारात आणि चकाकी नसलेल्या मॅट कागदावर छापलेला असावा, कारण वयस्कर डोळ्याला चकाकीचा त्रास होतो आणि साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावरही विशीतल्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. ‘हे कोण आहे, सांगा पाहू’ असे कधीही विचारू नये. तो त्यांच्यासाठी परीक्षेचा प्रश्न होतो. ‘ही तुमची थोरली बहीण, हिच्या वेण्या तुम्ही घालायचा’ असे आपणच सांगावे आणि थांबावे. त्या काही बोलल्या तर उत्तम, नाही बोलल्या तरी हात धरून फोटो पाहणे पुरेसे आहे. सासऱ्यांचा फोटो पाहून त्या ‘हे अजून आले नाहीत?’ असे विचारतील. तेव्हा ते वारल्याची बातमी त्यांना पुन्हा पुन्हा देऊ नका, कारण प्रत्येक वेळी ती त्यांच्यासाठी नवी असते. ‘त्यांना तुमच्या हातची शेंगाचटणी फार आवडायची ना?’ असे म्हणून त्यांच्याविषयी बोलत राहावे.

चर्चमधील माणसांसाठी एक साधी विनंती पाळकसाहेबांकरवी करता येईल. त्यांच्यापुढे येणाऱ्याने आपण होऊन नाव सांगावे : ‘सलाम आई, मी अमक्यांची मुलगी.’ ओळखीची गीते या आजारात फार उशिरापर्यंत सोबत करतात. सासूबाई गीत म्हणत असतील, तर त्या वेळी बाजूने, थोड्या अंतरावरून एखादा फोटो घ्या. त्यांनी हात वर केला किंवा मान वळवली की कॅमेरा खाली ठेवा. आणि तुम्ही स्वतःही त्यांच्याबरोबरच्या फोटोंत असायला हव्यात. सेवा करणाऱ्या सुनांचा फोटो घरोघरी राहून जातो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

प्रश्न : नाताळच्या चांदणीखाली मंडळीतील सर्व ज्येष्ठांचा समूहफोटो घ्यायचा आहे. दरवर्षी रात्री घेतो आणि चांदणी तेवढी झळकते, माणसे काळी पडतात.
— एक हौशी छायाचित्रकार, जुळे सोलापूर

उत्तर : रात्रीची वेळ सोडून द्या. डिसेंबरच्या अखेरीस सोलापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर दहा मिनिटांनी आकाश गडद निळे होऊ लागते, आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे चांदणीतील दिव्याचा आणि आकाशाचा उजेड जवळजवळ तोलामोलाचा असतो. फोटो तेव्हा घ्यावा. कॅमेरा स्टँडवर ठेवावा, मोजमाप चेहऱ्यांवर करावे आणि शटर पन्नासांश सेकंदावर ठेवावा. तीस माणसांत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटतातच, म्हणून निदान आठ-दहा फोटो लागोपाठ घ्यावेत.

पुढच्या रांगेत हात टेकता येतील अशा खुर्च्या ठेवा. स्टुलावरून वयस्कर माणसाला उठता येत नाही. साडेपाचलाच खुर्च्या मांडून, फ्रेम ठरवून, तरुणांना त्यांवर बसवून चाचणीचे फोटो काढून घ्या, आणि सगळे जुळल्यावर शेवटी ज्येष्ठांना बाहेर बोलवा, म्हणजे त्यांना थंडीत ताटकळावे लागणार नाही. काठ्या आणि वॉकर फोटोतून लपवण्याची गरज नाही. ज्यांना त्या हातात हव्या आहेत त्यांच्या हातात असू द्याव्यात. सहा-पंचवीसपर्यंत सर्वांना आत चहाला नेता येईल.